पहिल्या नंबरचं पाणी

आषाढ लागला की नदी मला आधी बाटलीत दिसते. सकाळी पांडूकाका कच्च्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवतात. ती दूध कमी पडलेल्या चहासारखी दिसली की समजायचं, वरच्या अंगाला रात्रभर पाऊस लागलेला आहे. काका टोपीवरचं पाणी झटकतात आणि म्हणतात, "घ्या मॅडम, आज नदीनं चाय धाडलाय." दर पावसाळ्यात ते हेच म्हणतात. पूर्वी मी हसायचे. गेली सहा वर्षं हसलेली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी म्हणायचं थांबवलेलं नाही आणि त्याबद्दल मी मनातून त्यांची आभारी आहे.

कल्याणच्या पुढे नदीकाठी एक जलशुद्धीकरण केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. नदीचं पाणी आत घ्यायचं, तुरटी घालून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून गाळून घ्यायचं, क्लोरीन मिसळायचं आणि शहराकडे सोडायचं, हे सगळं दुसरे करतात. ते नीट झालं की नाही एवढंच मी बघते. पावसाळ्यात तुरटीचं प्रमाण रोज नव्याने ठरवावं लागतं. काचेची सहा भांडी ओळीने मांडायची, प्रत्येकात मागच्यापेक्षा थोडी जास्त तुरटी घालायची आणि मशीन सुरू करायचं. पाती आधी जोरात फिरतात, मग मंद होतात, मग थांबतात. बराच वेळ काही घडत नाही. नंतर त्या लालसर पाण्यात बारीक बारीक पुंजके दिसू लागतात, एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. वर राहतं ते पाणी इतकं नितळ की भांड्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. काळ गेला की दुःखही असंच खाली बसतं, असं मला लोकांनी सांगितलं. मी वाट बघितली. माझं भांडं अजून ढवळलेलंच आहे.

दुसरी एक तपासणी मला लहानपणीच्या जादूसारखी वाटायची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. फिकट, लिंबाच्या सरबतासारखं. पिवळं झालं म्हणजे या पाण्यात राखणदार जागा आहे, वाटेत काही आत शिरलं तर तो बघून घेईल. रंगहीन राहिलं तर काळजी. हे मी वैशूला एकदा दाखवलं होतं. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं, बहिणीचं ऑफिस बघायचं म्हणून आली होती. नळी उजेडात धरून ती म्हणाली, "ताई, आपण शाळेत शिकलो ते काहीच कामाला येत नाही असं मला वाटायचं. तुझं आलं की."

वैशू म्हणजे वैशाली, माझी धाकटी बहीण. आमचे बाबा ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. घर डेपोच्या मागेच, त्यामुळे आमचं बालपण डिझेलच्या वासात आणि गाड्यांच्या घोषणांत गेलं. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि ती जिथे बसेल तिथे मोठ्याने वाचायची: दुकानांच्या पाट्या, वाण्याच्या पुडीचा कागद, बाबांच्या ड्युटीचा तक्ता. पाणी पिताना ती मान मागे टाकून घटाघटा प्यायची. गळ्यावरून एक थेंब ओघळायचा, तो पालथ्या मुठीने पुसायची. मी रागवायचे, "बसून पी गं." ती म्हणायची, "तू पाण्याचं पण पुस्तक करशील."

केलं खरं.

लग्न होऊन ती विठ्ठलवाडीला गेली, स्टेशनपासून जरा आत, एका बैठ्या चाळीत. चाळीच्या टोकाला पत्र्याचं छोटं बुद्धविहार आहे. वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वैशूचा आवाज स्वच्छ, म्हणून दोनच वर्षांत वाचनाचं काम तिच्याकडे आलं. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ती आवाज चढवायची आणि पाऊस थांबला की तिचा चढलेला आवाज क्षणभर तसाच राहायचा, मग सगळ्या बायका हसायच्या. पुढच्या रांगेत कमळामावशी बसायच्या. वैशूच्या शेजारी राहणाऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, शाळेत कधी न गेलेल्या. पण दर वर्षी ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. मध्येच बोट वर करायच्या. "वैशे, एक ओळ गिळलीस."

"मावशी, तुम्हीच वाचा मग."

"मला वाचता आलं असतं तर तुझी गरज काय होती?"

त्या पावसाळ्यात वैशूला सातवा महिना होता. माझ्याकडे खोपटला येऊन राहा म्हणून मी मागे लागले होते. ती म्हणाली, "वर्षावास संपू दे. पुस्तक अर्ध्यात टाकून येऊ का? मावशी मला फाडून खातील."

त्याच पावसाळ्यात आमच्या केंद्राच्या मूल्यमापनाचं काम माझ्याकडे आलं होतं. केंद्र पाणी किती सुरक्षित करतं, हे तपासून अहवाल द्यायचा. नदीचं पाणी, गाळ बसल्यानंतरचं, गाळणीतून उतरलेलं, क्लोरीन घातलेलं आणि शेवटी लोकांच्या नळाचं, अशा प्रत्येक पायरीवरचे नमुने. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या वाचण्या-लिहिण्याचा कुणाला तरी उपयोग आहे. मी रोज उशिरापर्यंत तक्ते भरायचे. नळाचे नमुने घ्यायला पांडूकाका आणि मी गल्लीबोळांतून फिरायचो. नमुना घ्यायची पद्धत ठरलेली आहे. तोटी पुसून घ्यायची, स्पिरिटच्या बोळ्याने तिला आच द्यायची, मग पूर्ण सोडून दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. तोटीची घाण, नळात साचलेलं पाणी नमुन्यात येऊ नये, म्हणून. हे जगभर असंच करतात आणि त्यात चूक काही नाही.

पांडूकाका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. घरात अजून होडी आहे. तोटीला आच देताना म्हणायचे, "आधी आंगोल, मंग आरती, मंग परसाद. आमचे कोलीवाड्यान देवाचं पन एवरं कोन करीत नाय." मी घड्याळाकडे बघत उभी. एकदा त्यांनी वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहत विचारलं, "मॅडम, घरच्या बाया अशा दोन मिन्टं थांबतान का?"

मी हसले. म्हणाले, "काका, त्यांना कुठे अहवाल द्यायचाय?"

हे वाक्य मी अजून विसरलेली नाही.

नमुने उत्तम आले. विठ्ठलवाडीकडचेही. नळी प्रत्येक वेळी पिवळी झाली. त्याच आठवड्यात वैशूचा फोन आला. "ताई, पाणी उकळून पिऊ का गं? डॉक्टर म्हणतात उकळा, पण सिलिंडर संपत आलाय आणि नवीन यायला वेळ आहे."

मी म्हणाले, "तुझ्या भागाचं पाणी मी स्वतः तपासलंय. उगाच गॅस जाळू नकोस."

"बघ हां. तुझ्या भरवशावर पितेय. तुझ्या भाच्याचं पोट दुखलं तर तुझ्या त्या काचेच्या भांड्यांत आणून बसवीन त्याला."

भाद्रपदात तिला मळमळू लागलं. दिवस भरत आल्याचं लक्षण, असं सगळ्यांनी धरलं. मग जेवण तुटलं. एका रविवारी मी गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे वळली आणि बाहेरच्या ढगाळ उजेडात तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला दिसला. फिकट पिवळा. तो रंग मी इतक्या वेळा नळीत बघितला होता की एक क्षण, फक्त एकच क्षण, सवयीने मला बरं वाटलं.

ठाण्याच्या इस्पितळात नेताना आमची रिक्षा टेंभी नाक्यावर अडकली. येणाऱ्या नवरात्राच्या मंडपासाठी ट्रकमधून बांबू उतरवत होते. लहानपणी बाबा आम्हाला तिथे घेऊन यायचे आणि गर्दीच्या बाहेर उभे राहून म्हणायचे, "आपण दिवे बघायचे, बाकीचं त्यांचं त्यांना." वैशूने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. तिला बाबांची आठवण आली का, ते कळायला मार्ग नव्हता; ती झोपेतून बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती. काविळीचा एक प्रकार असा आहे की तो बाकीच्यांना तापासारखा येऊन जातो आणि दिवस गेलेल्या बाईला सोडत नाही. दूषित पाण्यातून येतो आणि महिना-सव्वा महिना अंगात लपून राहतो. डॉक्टर मला हे समजावून सांगत होते. मी मान हलवत होते. मला ते माहीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता.

मूल आधी गेलं. चौथ्या दिवशी ती.

जलदान विधी चाळीतच झाला. पंचशील झालं, भन्तेजींनी गाथा म्हटल्या, वैशूच्या नवऱ्याने तांब्यातून वाटीत बारीक धार धरली आणि सगळे एकमेकांच्या खांद्याला हात लावून उभे राहिले. नंतर मी बाहेर ओट्यावर बसले. कमळामावशी शेजारी येऊन टेकल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"आम्ही तिला काही कमी केलं नाही गं," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी पाऊण तास येतं. बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात. पण तिला आम्ही एक दिवस रांगेत उभं केलं नाही. मी ओरडायचे, पोटुशी आहे, बाजूला व्हा, तिला आधी भरू द्या. रोज पहिला नंबर तिचा. पाणी आल्या आल्या पहिली कळशी वैशूची."



समोर चाळीचा सार्वजनिक नळ होता. त्याचा पाइप गटाराच्या कडेने आलेला, काही ठिकाणी गटारातूनच. दिवसभर तो रिकामा असतो. रिकामा पाइप श्वास ओढल्यासारखा बाहेरचं आत ओढतो. सांध्याला बारीक फट पुरते. सकाळी पाणी सुटलं की सर्वांत आधी ते आत आलेलं बाहेर पडतं. ते काळं-पिवळं दिसेलच असं नाही, बऱ्याचदा नेहमीच्या पाण्यासारखंच दिसतं. कळशी-दोन कळशा तसं जातं आणि मग केंद्राचं शुद्ध पाणी येतं, आम्ही पाठवलेलं. प्यायचं पाणी आधी भरायचं आणि धुण्याचं मागून, ही चाळीची रीत, कारण नळ कधी जाईल याचा नेम नाही. आमची रीत उलटी. मी आणि पांडूकाका त्याच नळावर घड्याळ लावून दोन मिनिटं पाणी सोडून देत होतो आणि वैशू नेमकी तीच दोन मिनिटं भरून घरी नेत होती. तिला ती मिळावीत म्हणून बाकीच्या बायका मागे सरत होत्या.

मावशींना मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या नळावर जाऊन मी पहिलं पाणी घेतलं. नळी पिवळी झाली नाही. जंतू असले तर काळं पडणाऱ्या औषधाच्या बाटलीतही तेच पाणी भरलं. त्याच्या पुढच्या सकाळी ती शाईसारखी झाली होती. काविळीचा विषाणू अशा बाटलीत दिसत नाही, त्यामुळे वैशूचं मरण याच पाण्यातून आलं हे मी सिद्ध करू शकत नाही. दुसरीकडूनही आलं असेल. माझं शिक्षण मला एवढी पळवाट ठेवतं. केंद्राच्या साहेबांनी बाटली हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "हा नमुना पद्धतीने घेतलेला नाही. अहवालात घेता येणार नाही." मग बाटली टेबलावर ठेवत म्हणाले, "पाइपाचं मी बघतो." वाईट माणूस नव्हता. थंडी संपायच्या आत सांधा बदलला गेला. अहवालात केंद्राची शेवटपर्यंतची प्रत्येक पायरी उत्तम ठरली. त्यावर माझी सही आहे.

वैशूचा नवरा गावी निघून गेला. ग्रंथ तिने जिथे सोडला होता तिथून पुढे वाचायला कुणी नव्हतं. मावशींचा निरोप आला आणि मी गेले. तेव्हापासून दर वर्षावासात रविवारी पहाटे मी विठ्ठलवाडीला जाते आणि संध्याकाळचं वाचन करून रात्री परतते. माझा आवाज बारीक आहे, पावसात मागच्या रांगेला ऐकू जात नाही. मावशी मला कधी टोकत नाहीत. ओळ गळली तरी.

आणि दर रविवारी, नळाला पाणी येताच, मी पिशवीतून काळं पडणाऱ्या औषधाची बाटली काढून पहिल्या पाण्याचे चार घोट त्यात घेते. बायकांना त्याची सवय झाली आहे. "आली पाण्याची डॉक्टरीण," असं एकदोघी म्हणतात. सहा वर्षं बाटल्या स्वच्छ राहिल्या. म्हणून मी गप्प राहू शकले. मावशींना सांगून उपयोग काय, असा मी हिशेब मांडला होता: पाइप दुरुस्त आहे, वैशू परत येणार नाही, मग एका म्हाताऱ्या बाईच्या मायेचं विष करून तिच्या हातात का द्यायचं? पण त्या सहा वर्षांत चाळीत एक गोष्ट रुजली होती आणि ती मी डोळ्यांनी बघत होते. कुणाही घरात बाई पोटुशी राहिली की नळावर पहिला नंबर तिचा. मावशींनीच ते घालून दिलं होतं. कुणी कुरकुरली की त्या म्हणत, "वैशूचा नंबर आहे तो. त्यात कुणी घुसायचं नाही."

या आषाढात तो नंबर रेश्माचा आहे. दोन घरं सोडून राहते, आठवा लागलाय, आणि तिचं हसू मोठं आहे.

या रविवारी घेतलेली बाटली सोमवारी दुपारी काळी झाली.

मी तक्रार केली. खोदायला परवानगी लागेल, पाऊस आहे, आठवडा तरी जाईल, असं कळलं. मी ऑफिसातून तशीच विठ्ठलवाडीला गेले. मावशी दारात ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. सोमवारी मला बघून दचकल्या.

"काय गं? कोण गेलं?"

"कोणी नाही. मावशी, उद्यापासून नळाचं पहिलं पाणी कुणी भरायचं नाही. दोन मिनिटं सोडून द्यायचं. आणि सगळ्यांनी उकळून प्यायचं. रेश्माने तर नक्कीच."

"का? नळाला काय झालं?"

मी सांगितलं. गटार, रिकामा पाइप, सांधा, पहिली कळशी. शक्य तितक्या साध्या शब्दांत, त्यांच्याकडे न बघता सांगितलं. त्यांचं बोट ताटात एका खड्यावर थांबलं होतं.

"म्हणजे तेव्हा पण," त्या म्हणाल्या.

मी ताटातला दुसरा एक खडा वेचून बाहेर टाकला.

"बोल ना. शिकलेली ना तू?"

"तेव्हाही सांधा गळत होता, मावशी."

"आणि मी तिला पुढे घालत होते."

"उकळू नकोस असं तिला मी सांगितलं होतं," मी म्हणाले. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही. "फोनवर. पाणी चांगलं आहे म्हणाले. गॅस जाळू नकोस म्हणाले."

मला काय हवं होतं कोण जाणे. बहुधा आपण दोघींनी मिळून ते उचलावं, असं काहीतरी. मावशींनी ताट बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

"ते तुझं झालं," त्या म्हणाल्या. "मी माझं विचारतेय."

त्या रात्री मी तिथेच राहिले. आम्ही दोघी जेवलो आणि भांडी घासली.

सकाळी सहाला नळ खरखरला. कळशा आणि हंडे रांगेत होतेच. रेश्मा सवयीने पुढे आली आणि मावशींनी हात आडवा धरला. तोटी पूर्ण सोडली आणि पाणी सरळ गटारात पडू लागलं. चांगलं दिसणारं, पांढरं, जोराचं पाणी. रांगेत कालवा झाला.

"अगं ए मावशी, डोकं फिरलं का? पाऊण तास येतं ते!"

"सोडायचंच तर माझ्या बादलीत सोडा, लादी पुसायला होईल."

"पूस," मावशी म्हणाल्या. "प्यायचं नाही."

त्या बाईने बादली पुढे सरकवली. मी घड्याळ बघत उभी होते. दोन मिनिटं किती असतात ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मध्ये मावशींनी विचारलं, "झाली?" मी म्हणाले, "अजून नाही." कुणी तरी शिवी हासडली. रेश्मा कळशी कमरेवर घेऊन गोंधळून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"झाली, मावशी," मी म्हणाले.

मावशींनी ऐकलं. पण त्यांचा हात तोटीवरून निघाला नाही, की रेश्मापुढून दुसरा हात खाली आला नाही. तीन मिनिटं झाली, चार झाली. पाणी केव्हाच चांगलं झालं होतं.  मावशी त्या धारेकडे बघत उभ्या राहिल्या आणि आमच्यापैकी कुणालाही त्यांना "पुरे" म्हणता येईना.